कराड–चिपळूण, मार्गे नवा प्रोसेसर

"आई, हा गेम चालतोय की कोणी फोटोंचा अल्बम उलटतंय?"

आमचा धनंजय टेबलाखाली ओणवा होऊन विचारत होता. डोकं टेबलाखाली आणि उरलेला पुण्याचा इंजिनिअर बाहेर. लोकांची मुलं दिवाळीला घरी आली की आईच्या पाया पडतात. आमचा आधी कॉम्प्युटरच्या पाया पडला.

"चांगला चालतोय की," मी म्हटलं. "तुला काय त्रास?"

"अगं, बारा फ्रेम! बारा!"

"बारा तर बारा. दोघांच्या घरात आणखी किती लागतात?"

त्यानं कपाळावर हात मारला. त्यानं कपाळ डिग्री घेतल्यापासून त्याच कामाला ठेवलंय. मग मला बसवून समजावलं. म्हणजे पडद्यावर हलतंय असं आपल्याला वाटतं, पण ती खरं तर एकामागून एक येणारी चित्रं असतात. एकेक चित्र म्हणजे एकेक फ्रेम. सेकंदाला साठ आली की लोण्यासारखं सरकतं, आणि आमच्यासारखी बारा आली की गचके बसतात.

"आणि हे सगळं कशामुळं? तर आतला प्रोसेसर. म्हातारा झालाय. झेपत नाही त्याला."

म्हातारा म्हणताना त्यानं खुर्चीतल्या ह्यांच्याकडे बघितलं नाही. तेवढी अक्कल पुण्यात शिल्लक राहिली होती.

हे म्हणजे ज्ञानोबा साळुंखे, एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी कराड-चिपळूण, म्हणजे सगळा जन्म कुंभार्ली घाटात. त्या घाटात एकदा ह्यांच्या गाडीला वाघ आडवा आला. ह्यांनी हॉर्न दिला, तर वाघानं पंजा वर करून गाडी थांबवली, मागच्या दारानं चढला, आणि दोन वळणं पुढं गेल्यावर निमूट उतरला. कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट फाडलं, कारण चार पायांना फुल घ्यायचं की डबल हे कुठं लिहिलेलं नव्हतं. खोटं वाटत असेल तर ह्यांनाच विचारा. नाहीतर नकाच विचारू. माझ्या चांगल्या चाललेल्या गोष्टीत पाय घालायची ह्यांना सवय आहे.

बिल्ला मात्र खरा. सगळ्या नोकरीत एक अपघात नाही, म्हणून खात्यानं छातीला लावायला दिलेला. त्यात माझ्या पदरचं काही नाही.

तर त्या दिवाळीच्या आधी, उन्हाळ्यात, ह्यांची उजवी बाजू गेली. जीव राहिला, बोलणं थोडं जड झालं पण राहिलं, पाय महिन्या-दोन महिन्यांत ओढत ओढत कामावर आला. हात तेवढा संपावर. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. ह्यांनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. "चेंडूशी खेळायला मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे?" म्हणाले, आणि उजवा हात मांडीवर ठेवून दिला. शेजारी कोणी विसरून गेलेली पिशवी असावी तसा. त्यानंतर जेवण डाव्या हातानं, आणि बोलणं हो-नाहीपुरतं.

मग एकदा मी कॉम्प्युटर पुसायला गेले. धनंजयच्या कॉलेजातला तो, मी भरतकाम केलेल्या कव्हराखाली देवासारखा झाकून ठेवलेला. पुसता पुसता कसलं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर डोंगर, रस्ता आणि एक लॉरी आली. कुठल्या परदेशातला घाट होता. लाकडाचे ओंडके लादायचे आणि पलीकडं पोचवायचे, एवढाच खेळ. मी आपली दाबली चारी बाणांची बटणं एकदम.

"अगं अगं अगं!" मागून आवाज आला. "म्हैस आहे का ती? वळण दिसत नाही तुला? सरक तिकडं!"

एवढं लांब वाक्य ह्यांनी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा म्हटलं, आणि ते मला शिव्या घालायला. मी सरकले. हे बसले, उजवा हात डाव्यानं उचलून बटणांवर ठेवला, आणि बाणावर एक बोट दाबायला बघू लागले.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की आमची गाडी सुटायची. बनियनला बिल्ला लावल्याशिवाय हे खुर्चीत बसायचे नाहीत. मी कंडक्टर. ह्यांच्या जोडीदारानं, कदम कंडक्टरनी, रिटायर होताना तिकिटं टोचायचा पंच आठवण म्हणून दिला होता, तो मी हातात घेऊन टिकटिक करायचे. घंटा देवघरातली. सकाळी देवाची, दुपारी एसटीची. देवानं कधी तक्रार केली नाही. एक टोला म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला, हे त्यालाही माहीत असणार.

गेममधला लाकडी पूल आला की मी ओरडायचे, "पाटण! पाटणवाले उतरा!" शेजारच्या देवधरबाईंना मी रोज तिथं उतरवायचे. त्यांना पत्ताच नाही, बिचाऱ्या रोज आमच्या गाडीनं जायच्या आणि खिडकीची जागा काही सोडायच्या नाहीत. उंच झाडं आली की हेळवाक. पुढं घाट. घाटात वरून दगड सुटायचे. मी "दगड!" म्हणायचे, हे वर बघायचे, मग बोट निघायचं, मग बटण दबायचं, मग गाडी सावकाश बाजूला व्हायची आणि दगड दरीत. ओंडक्यांच्या वखारीला चिपळूण स्टँड म्हणायचं. पोचलो की मी चहा ठेवायचे.

आधी एक बोट हललं, मग दुसरं. गणपतीत ह्यांनी उजव्या हातानं आरतीचं ताट धरलं. दसऱ्याला सोनं वाटलं. आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी, धनंजय यायच्या आधी, उजव्या हातानं करंजी उचलून तोंडापर्यंत नेली. अर्धं सारण लुंगीवर सांडलं. मी ते झटकलं नाही, बराच वेळ तसंच राहू दिलं.

आणि इकडं हा लोणी घेऊन आला.

"बाबा, सरप्राइज," धनंजय म्हणाला. खिशातून छोटी डबी काढली. आत एक चौकोनी चिप, मागं बारीक बारीक पिना. "तुमच्या बोर्डाला बसणारा सगळ्यात तगडा प्रोसेसर. आता बनत नाही हा. किती शोधून मिळवलाय."

"जुना काढायचा?" ह्यांनी विचारलं.

"मग! तुमचीच गाडी राहणार बाबा, फक्त इंजिन बदलतोय."

ह्यांना नवं इंजिन म्हटल्यावर काय, हे खुर्ची ओढून जवळ बसले. धनंजयनं पंखा काढला, जुनी चिप उपसून "हे भंगार" म्हणत बाजूला टाकली, नवी बसवली, वर टूथपेस्टसारखं काहीतरी लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा आणला. बारसं असल्यासारखा तो त्या आकड्याकडं बघत होता.

"बासष्ट! आई, बासष्ट फ्रेम! बाबा, बसा. घ्या गाडी."

हे बसले. बिल्ला सरळ केला. मी घंटा घेतली, दोन टोले दिले.

दुसऱ्या टोल्याचा नाद विरायच्या आत गाडी दरीत होती.

"सवय नाही ना," धनंजय म्हणाला. "परत."

परत. या वेळी मी "पाटण" मधला "पा" म्हणाले. पूल बाजूनं सुटला, गाडी नदीत. तिसऱ्यांदा ह्यांनी जीव खाऊन बाण दाबला, पण दाबेपर्यंत वळण मागं पडलं होतं. चौथ्यांदा दगड. दगड कधी सुटला, कधी पडला, मला तरी दिसला नाही. गाडी मात्र चेपलेली दिसली, आणि काय सुरेख दिसली! पत्र्याची एकेक घडी मोजता येत होती.

"रिस्पॉन्स बघा ना बाबा, काय भारी आलाय!"

ह्यांनी हात बटणांवरून काढला. डाव्या हातानं बिल्ल्याची पिन सोडवली, आणि बिल्ला टेबलावर ठेवला.

"गाडी चांगली आहे रे," म्हणाले. "ड्रायव्हर संपलाय. उतरव मला."

संध्याकाळी फराळाला बसलो. ह्यांनी चकली डाव्या हातानं घेतली. उजवा मांडीवर, पुन्हा ती विसरलेली पिशवी.

मी धनंजयला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"काढ ते."

"काय काढू?"

"लोणी. काढ आणि जुनं बसव."

"आई, तुला कळतंय का? पाचपट फरक आहे!"

"मला कळतंय. तुला कळतंय का? पूर्वी दगड खाली येईपर्यंत माझ्या दोन लसणाच्या पाकळ्या सोलून व्हायच्या. आज दगड आला आणि गेला, माझा हात अजून पहिल्या पाकळीवर."

त्याचा हात कपाळावर गेला, पण या वेळी हळू.

"जुना गेम आहे," तो म्हणाला. "हा वेळ फ्रेमवर मोजतो. एक फ्रेम, एक पाऊल. फ्रेम कमी आल्या की सगळा गेमच हळू चालतो. लॉरी, दगड, घड्याळ, सगळं. मला वाटलं, नुसते गचके जातील..."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा इतके महिने पाचव्या हिश्श्याच्या वेगानं चालवत होते. त्या खराब प्रोसेसरमुळं जमत होतं त्यांना."

"खराब कशाला म्हणतोस? इतके महिने माझा नवरा सांभाळला त्यानं. तुझ्या चांगल्यानं एका दुपारी घालवला."

हे जरा जास्त झालं. मी त्याला एक करंजी दिली.

हे झोपल्यावर त्यानं वेग बांधून ठेवणारा कसला तरी प्रोग्राम टाकून बघितला. तो टाकला की गेम उघडायलाच तयार नाही. काढला की उघडला आणि सुसाट. घामाघूम झाला.

"जुना बसवायलाच हवा. कुठं टाकला मी? केरात गेला का?"

मी बांगड्यांचा डबा आणला आणि कापसात गुंडाळलेली चिप त्याच्या हातावर ठेवली. "माझ्या घरात काही केरात जात नाही. याच डब्यात तुझे दुधाचे दातही आहेत."

"पण आई, बाबांना काय सांगायचं? परत हळू का केलं?"

हाच तर घोटाळा होता. खरं सांगितलं तर काय सांगणार? तुम्ही घाट चढत नव्हता, घाट तुमच्यासाठी थांबत होता? मग तो बिल्ला टेबलावरून पुन्हा छातीवर यायचा नाही, आणि हात मांडीवरून उठायचा नाही.

"सांग की नवा प्रोसेसर बिघडलेला निघाला. वेडावाकडा पळतो. तू न तपासता आणलास."

"मी? न तपासता?" धनंजयचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला भर चौकात लंगोट नेसून उभं राहायला सांगितलंय. "आई, मी असलं कधी... आणि बाबांशी खोटं बोलू?"

"अरे जा, मला शिकवतोस. सकाळी फोनवर साहेबाला म्हणालास, रेंज नाही इथं, आवाज तुटतोय. आणि तोंडात अख्खा बेसनाचा लाडू होता. साहेबाशी बोलतोस, बापाशी बोलायला काय धाड भरली?"

सकाळी चहाला तो ह्यांच्यासमोर उभा राहिला. शाळेत कधी मार खाल्ला नाही, तो सगळा आता खायला आल्यासारखा.

"बाबा, तो काल बसवलेला प्रोसेसर... डिफेक्टिव्ह आहे. गाडी उगाच पळवतो. चूक माझी. न बघता घेतला."

ह्यांनी बशी खाली ठेवली. त्याच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी छताचा पंखा बघत होते, त्याच्यावर फार धूळ होती.

"न बघता?" हे म्हणाले.

"हो."

"न बघता घेतलास आणि लावलास?"

आणि मग सुटले. ड्रायव्हर डेपोतून गाडी काढतो तेव्हा आधी काय बघतो, टायर कसे ठोकून बघतो, ब्रेक कसा दाबून बघतो, आणि इंजिनिअर म्हणवणाऱ्यानं एवढंसं काडेपेटीएवढं यंत्र तपासू नये? कोण शिकवतं तुम्हाला? पगार देतात का यासाठी? मधे मधे जीभ अडखळायची, तर तेवढ्यापुरतं थांबून पुढचा शब्द दुप्पट जोरात. देवधरबाई खिडकीत आल्या. धनंजय मान खाली घालून ऐकत होता, आणि मी पदरात तोंड लपवून. कधीपासून ह्यांनी कोणाला असं झाडलं नव्हतं. घर कसं भरल्यासारखं वाटलं.

झाडून झाल्यावर म्हणाले, "बसव जुना. आणि कंडक्टर, पंख्याकडं काय बघताय? गाडी लावायची वेळ होईल आता."

दुपारी बिल्ला बनियनवर होता. चहाला चिपळूण.

मी स्वतःवर खूष. वाघाची गोष्ट लोक तोंडावर ऐकून घेतात आणि पाठीमागं हसतात, पण ही थाप कशी बिनगचक्याची बसली! धनंजय पुण्याला जाताना म्हणाला, "आई, तुझ्यासारखी तूच." मी म्हटलं, "माहीत आहे."

हिवाळा गेला. हे सदऱ्याची बटणं स्वतः लावायला लागले, एखादं वरखाली व्हायचं. गुढीपाडव्याला धनंजय आला. गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि मी पंच शोधत होते तेवढ्यात ह्यांनी हाक मारली.

"धनू, ती चिप आहे का रे तुझ्याकडं?"

"कुठली?"

"ती. बिघडलेली."

धनंजयनं माझ्याकडं बघितलं. मी ताबडतोब पंख्याकडं.

"बॅगेत आहे. पण बाबा, ती खराब..."

"बसव."

"अहो, असं काय करता," मी मधे पडले. "डिफेक्टिव्ह आहे ती. त्यानं सांगितलं ना तुम्हाला? गाडी उगाच पळवते."

"दगड," हे म्हणाले.

"काय दगड?"

"घाटात दरड कोसळताना मी समोरून बघितलीय. तुम्ही दोघांनी नाही. दगड काय सावरीच्या म्हातारीसारखे तरंगत येत नाहीत खाली. पहिल्याच दिवशी कळलं मला, हे यंत्र दमलेलं आहे म्हणून."

मी पंख्याकडं बघायचं सोडलं.

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? तू ती घंटा इतकी मन लावून वाजवायचीस." ह्यांनी धनंजयकडं बघितलं. "आणि पोरगं बिचारं स्वतःवर घेऊन उभं राहिलं. पहिल्यांदाच."

"अन् त्याला जे झाडलंत? देवधरबाईंच्या खिडकीपर्यंत?"

"ते सोडतो होय," हे म्हणाले. "चान्स मिळाला होता."

मला गावात थापाडी म्हणतात. म्हणोत. पण माझ्याच घरात, माझ्याच थापेवर एक थाप घालून कोणीतरी अख्खा हिवाळा श्रीखंडासारखा गालात धरून बसलं होतं, आणि मला चवसुद्धा लागू दिली नव्हती. वाघाला हाफ तिकीट देणारी मी, फुल तिकिटाला फसले.

धनंजयनं प्रोसेसर बदलला. या वेळी कोपऱ्यातला हिरवा आकडा त्यानं आणला नाही. हे खुर्चीत बसले आणि उजव्या हातानं, वेळ लागला पण उजव्याच हातानं, बिल्ल्याची पिन सोडवली.

"हा तुझ्याकडं ठेव," मला म्हणाले. "आता अपघात होणार."

मी बिल्ला पदराच्या गाठीत बांधला, घंटा घेतली आणि दोन टोले दिले. दुसरा टोला विरायच्या आत आम्ही दरीत.

चेपलेल्या लॉरीतून धूर निघत होता, लोण्यासारखा. मग खुर्ची हलायला लागली. बघते तर हे हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा. दोन्ही.

"कंडक्टर," जरा श्वास आल्यावर म्हणाले, "कोणी जखमी?"

"एकट्या देवधरबाई," मी म्हटलं. "खिडकीची जागा सोडत नव्हत्या."

"मग हरकत नाही," हे म्हणाले, आणि हात बटणांवर ठेवला. "मार डबल."